पांढरी म्हैस आणि विहिरीतलं मडकं

आमच्या आवारात माझी अशी ख्याती आहे की नामा रंगारी चार म्हणाला तर दोन धरावेत, आणि त्या दोनांतलाही एक तपासून घ्यावा. ही ख्याती मी वीस वर्षं राबून मिळवलेली आहे, कुणी दान दिलेली नाही. पण ज्यांना हा आजार झाला आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणी पडलं आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहाव्यात म्हणून बसलो, तेव्हा बायको म्हणाली, "लिवा की. पर ह्यातलं निम्मं कमी करू नका, असं वर लिवा आदी." तर ते वर लिहिलं.

आजाराचं नाव कॉलरा. आमच्या आईच्या भाषेत पटकी. नाव सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मला ते दवाखान्यात कुणीही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

विहीर

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. त्या साली सोलापुरात कावळेसुद्धा आळीपाळीनं उडत होते. एक उडायचा, बाकीचे त्याच्या सावलीत बसायचे. याला साक्षीदार आहेत, पण ते कावळे आहेत.

मी मूळचा मोडनिंबचा, शेतकऱ्याच्या घरचा. सोलापुरात एका चादरींच्या कारखान्यात सूत रंगवतो. मोठ्या आवारात एका अंगाला माग, एका अंगाला रंगखाना, मधे विहीर आणि विहिरीभोवती आम्हा सगळ्यांची बिऱ्हाडं. माग चालवणारी बहुतेक मंडळी घरात तेलुगू बोलणारी, आम्ही रंगखान्यातले मराठी. पिण्याला तीच विहीर, सूत भिजवायलाही तीच. नळ होता, पण त्यातून पाण्यापेक्षा फुसफुसच जास्त यायची.

पेपरात छापून येत होतं की ही पटकी साऱ्या जगभर हिंडते आहे, या देशातून त्या देशात, पासपोर्ट न काढता. ती इकडं येऊ नये म्हणून आरोग्य खात्यानं कंबर कसली. कंबर कसली म्हणजे आधी भिंतीवर एक चित्र लावलं. चित्रात एक गोरीपान बाई गॅसच्या शेगडीवर पाणी उकळते आहे. आमच्या आवारात रॉकेल रेशनवर, तेही कधी मिळायचं, कधी मिळायचं नाही. बायका त्या चित्राकडं बघून घागर उचलायच्या आणि विहिरीवर जायच्या.

मग सुया आल्या. कुर्डुवाडीला गाडी बदलताना एका पथकानं मला टोचलं, एस.टी. स्टँडवर दुसऱ्यानं आणि आवाराच्या दारात तिसऱ्यानं. झालंय म्हणून सांगितलं तर म्हणाले, असू दे, आमचा आकडा भरायचा आहे. माझा दंड त्या महिन्यात आंब्याच्या कोयीसारखा झाला होता. आणि बायकांपैकी एकीलाही सुई मिळाली नाही, कारण टोचणारा पुरुष, आणि परक्या पुरुषापुढं दंड उघडा करायला आवारातली एकही बाई तयार नाही. टोचायला एखादी बाई पाठवावी, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. डोकी पुण्यात होती.

शेवटी मडकं आलं. एकात एक बसवलेली दोन मडकी, आत वाळू आणि ब्लिचिंग पावडर, अंगाला भोकं. ते दोरानं विहिरीत सोडायचं, म्हणजे पावडर हळूहळू पाण्यात उतरते. सोडलं, रजिस्टर पुढं केलं, आणि लिहिता येणारा पहिला माणूस दिसला म्हणून माझी सही घेतली. मीही झोकात केली, शेवटी शेपूट काढून.

म्हैस

चार दिवसांनी माझा डाळिंबी रंग उतरला.

हे रंगाऱ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. माझ्या हातचा डाळिंबी म्हणजे असा की चादर उलगडली तर पाखरं दाणे टिपायला यावीत. त्या दिवशी हौदातून सूत काढलं तर ते कुठं गाजरासारखं, कुठं विटक्या विटेसारखं. पाण्याला नाक झोंबणारा वास. मालकांची मोठी ऑर्डर अडलेली, ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की जणू मीच रंग पिऊन टाकला.

मला समजलं की हे पावडरीचं काम. मडकं काढायला हवं होतं. पण नुसतं काढलं तर आवारात कुणीतरी बोंब मारणार, सरकारी वस्तूला हात लावला म्हणून. तेव्हा मी संध्याकाळी पारावर बसून एक गोष्ट सांगितली.

मोडनिंबला, म्हटलं, आमच्या चुलत्याच्या शेजारी एक म्हैस होती. काळी, अशी काळी की अमावास्येला तिला शोधायला तिच्या पाठीवर कंदील बांधावा लागे. गावच्या विहिरीत हे मडकं सोडलं आणि म्हशीला आठ दिवस ते पाणी पाजलं. आधी कान पांढरे झाले. मग शेपूट. आठव्या दिवशी पाहिलं तर दावणीला गाय उभी, आणि दूध बघायला गेले तर दूध आटलेलं. म्हशीची ही गत, तर माणसाच्या आतड्याची काय होत असेल?

बायकांनी लुगड्याचे पदर तोंडाला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं मीच ओढून वर काढलं, आणि चारचौघांनी दोराला हात लावला. मडकं गेलं रंगाच्या भट्टीच्या सरपणामागं. डाळिंबी पुन्हा डाळिंबी आला. मालकांनी पाठीवर थाप मारली. मला वाटलं, नामा, तू आवार वाचवलंस.

तो दिवस

पंधरवड्यानंतर एका दुपारी भट्टीजवळ उभा असताना पोटात गुरगुरलं. कालची भजी असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. दिवस कलायच्या आत मी इतक्या वेळा परसाकडं जाऊन आलो की वाटेवर पायवाट पडली. नंतर पायवाटेनं जायचंही त्राण उरलं नाही. पोटातून जे जात होतं ते पाणीच, भाताच्या पेजेसारखं. पोटऱ्यांत गोळे आले. बोटांच्या टोकांवर सुरकुत्या पडल्या, दिवसभर पाण्यात ठेवल्यासारख्या, आणि आवाज गेला. माझा आवाज! बायकोला खरी भीती तेव्हा वाटली, असं ती सांगते. एरवी मी काटा टोचला तरी भाला म्हणून सांगणारा. त्या दिवशी मी काहीच म्हणालो नाही.

तिनं आमची पाच वर्षांची शकू शेजारच्या नरसव्वाच्या स्वाधीन केली. नरसव्वा माग चालवणारी बाई, नवरा मुंबईच्या गिरणीत, आवाज आणि मनगट दोन्ही मजबूत. मला तिनंच एकटीनं उचलून टांग्यात टाकलं. टांगेवाल्याला पोटशूळ म्हणून सांगितलं, नाहीतर त्यानं घोडा सोडून पळ काढला असता. सात रस्ता चौकातून जाताना मला एवढंच आठवतं की रस्ते सातच्या जागी चौदा दिसत होते, आणि हे मी पहिल्यांदाच वाढवून सांगत नव्हतो.

दवाखाना

साथीच्या आजारांचा दवाखाना गावाबाहेर. तिथल्या खाटेला मधोमध एक भोक असतं आणि खाली बादली. माणसाचा सगळा रुबाब त्या भोकातून जातो. ज्यांना तिथं जायची वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो, लाजू नका. त्या खाटेवर थोर माणसं झोपून गेलेली आहेत, असं मला सांगण्यात आलं, आणि सांगणारा मीच होतो.

दोन्ही हातांना सुया आणि उलट्या टांगलेल्या काचेच्या बाटल्या. दोन बाटल्या आत गेल्या आणि माझा आवाज परत आला. बायको म्हणते, पहिलं वाक्य मी हे बोललो की ही बाटली अजून बांधून न झालेल्या उजनीच्या धरणातून भरून आणली असणार. तेव्हा ती रडली.

डॉक्टर तरुण होते. डोळ्यांखाली काळं, चेहरा तीन दिवस न झोपलेल्याचा. मी विचारलं, "डॉक्टर, ही पटकीच ना?"

"जुलाब-उलट्या आहेत," ते म्हणाले आणि केसपेपरवर 'गॅस्ट्रो' लिहिलं. लिहिताना वर बघितलं नाही.

वॉर्डातल्या सगळ्या खाटांवर गॅस्ट्रोच. सगळ्यांच्या बादलीत तीच पेज. वॉर्डबॉय रसूलभाई, बादल्या आणि चादरी त्यांच्याकडं. त्यांनी मला समजावलं. "नाम लिखे तो पूने कू तार जाती मियाँ. तार गई तो बडे साब आते. साब आए तो सब कू जवाब देना पडता. इसलिए नाम नक्को."

आणि नाव नाही म्हणून जादा बाटल्या नाहीत. साथ नाही, मग साथीचा माल कशाला? तिसऱ्या दिवशी बाटल्या मोजून वापरायची वेळ आली. ज्याला घोटभर तरी पोटात राहतंय त्याला सिस्टर मिठा-साखरेचं पाणी पाजायच्या. एक केरळी सिस्टर होत्या, मराठी मोडकं, हात मात्र यंत्रासारखा. चमचा तोंडाशी, चमचा तोंडाशी, उलटी झाली की पुसायचं आणि पुन्हा चमचा. त्या पाण्यानं जेवढी माणसं उठली तेवढी सरकारच्या सगळ्या चित्रांनी उठली नसतील. हे मी निम्मं करूनच सांगतो आहे.

निरोप

आवाज आल्यावर डोकंही चालायला लागलं, आणि डोक्यात पहिली आली ती विहीर. गटार विहिरीला लागून, पाणी खाली गेलेलं, मडकं सरपणामागं. आणि शकू त्याच घागरीतलं पाणी पिते आहे.

मी पारूला, म्हणजे बायकोला, सांगितलं की घरी जा, शकूला उकळलेलं पाणी दे, नरसव्वाला सांग की मडकं परत विहिरीत सोडा. ती गेली, दुपारी परत आली, खाली बसली.

"सांगितलं का?"

"सांगितलं. नरसव्वा म्हनली, मग त्या म्हशीचं काय?"

"कुठली म्हैस?"

"तुमची. पांढरी."

आवारात कुणीही मडक्याला हात लावायला तयार नव्हतं. वर त्यांच्याकडं पुरावाही होता. डॉक्टरनं स्वतःच्या हातानं गॅस्ट्रो लिहिलंय, पटकी असती तर सरकारनं सांगितलं नसतं का? नामा भजी खाऊन आडवा झाला आणि आता त्याचीही गोष्ट करतोय. स्टोवर पाणी ठेवायला रॉकेलही नव्हतं, आणि भट्टीचं सरपण मालक मोजून देत. रॉकेल तर आठ दिवस मिळालंच नव्हतं.

"पारू, मी खरं सांगतोय."

"अवं, तुमी खरं कधी बोलता आन खोटं कधी, ह्याची काय खूण हाय का? लगीन झाल्यापासून मी हुडकाया लागले, मला अजून घावली न्हाय."

मीच उभी केलेली म्हैस विहिरीच्या वाटेवर आडवी बसली होती आणि हुसकता हुसकत नव्हती.

रजिस्टर

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर वॉर्डात आले. मला वाटलं, देव पावला. मी खाटेवरूनच हाक मारली आणि आवाराचा पत्ता सांगितला. त्यांनी काखेतलं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं.

"ही विहीर पूर्ण आहे. मडकं सोडलेलं आहे."

"साहेब, ते काढलंय. मीच काढलं."

"असं कसं? काढल्याची नोंद नाही." त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं धरलं. "आणि ही सही कुणाची?"

सही माझीच होती, शेपटासकट.

नवीन मडकं द्या म्हणालो. ते पुढच्या फेरीला. पुढची फेरी कधी? साथ जाहीर झाली की. आणि साथ कधी जाहीर होणार? त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी बाटलीकडं बघितलं. बाटली संपत आली होती.

माणूस वाईट नव्हता. घामानं भिजलेला, चप्पल तुटलेली, त्याच्या वाट्याला सायकल एक आणि विहिरी ढीगभर. पण त्याचं डोकं त्या रजिस्टरात होतं आणि रजिस्टरात आमची विहीर निर्मळ होती. त्याला कागदावरून खाली विहिरीत उतरवायला माझ्याकडं शिडी नव्हती.

शेजारची खाट

त्याच दुपारी शेजारच्या खाटेवर एक पेशंट आणला. चाळिशीचा गडी, अंगावरची माती अजून वाळलेली नव्हती. मोडनिंबचा निघाला. गावचा माणूस म्हणून मला बरं वाटलं. ओळखी काढल्या, चुलत्याचं घर त्याला ठाऊक होतं. तो बरा बोलत होता, धापा टाकत, पण बोलत होता. मी विचारलं, तुमच्या विहिरीत मडकं नव्हतं का सोडलं?

"हुतं की. काढलं आमी."

"का?"

"सोलापुरात म्हणं, चादरीच्या कारखान्यात, त्या पाण्यानं एक म्हस पांढरी झाली. बाजारात सांगत हुते. लई मोठी म्हस."

ती गोष्ट पारावरून उठून बाजारात गेली होती आणि बाजारातून पायी मोडनिंबला पोचली होती. मी म्हैस मोडनिंबात बांधली होती, मोडनिंबनं ती सोलापुरात आणून बांधली. कुणीही आपल्या गावची म्हैस जाऊन बघितली नाही, कारण ती नेहमी दुसऱ्या गावची होती.

मी त्याला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्याला उलटी आली, मग रसूलभाई आले, मग सिस्टर. आणि नंतर सांगू म्हणून मी गप्प बसलो. आयुष्यात गप्प बसायची मला सवय नाही, नेमकी त्या दिवशी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाट रिकामी झाली. तो बरा होऊन गेला नाही. रसूलभाईंनी चादर उचलली, बादली उचलली आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. केसपेपरवर गॅस्ट्रो होतं. इथं मी एक अक्षर वाढवलेलं नाही.

शकू

तो दिवस मावळायच्या आत नरसव्वा वॉर्डाच्या दारात आली. कडेवर शकू, मान टाकलेली. नरसव्वाच्या साडीवर ओल होती.

"सकाळपासून," ती म्हणाली. "दहा वेळा झालं, अन्ना. मी आणलं."

शकूच्या डोळ्यांभोवती खळगे पडले होते. माझी मुलगी बोलण्यात माझ्यावर गेलेली, तोंड एक क्षण बंद नसायचं. ती माझ्याकडं बघत होती आणि ओळख देत नव्हती. लहान मुलाची शीर सापडेना. डॉक्टरांनी तीनदा सुई घातली, तीनदा काढली. वॉर्डात एकच बाटली शिल्लक होती, ती लावली तरी पुरणार नाही म्हणून सिस्टरनी वाटी आणि चमचा पारूच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "थांबायचा नाही. उलटी केला तरी थांबायचा नाही."

पारू चमचा भरत होती आणि पोरगी अर्धं बाहेर टाकत होती. माझ्या दोन्ही हातांत सुया, बाटल्या तळाला आलेल्या. तिची खाट माझ्या खाटेला लागूनच होती, पण मला तिच्या केसांनाही हात लावता येत नव्हता.

नरसव्वा माझ्या खाटेच्या पायाशी उभी होती. मी तिला म्हणालो, "म्हैस नव्हती."

तिनं ऐकलं नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा म्हणालो, "म्हैस नव्हती, नरसव्वा. मी बनवली. माझा रंग उतरत होता म्हणून बनवली."

पारूचा चमचा एक क्षण थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

नरसव्वानं मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या आनंदानं घेतल्या असत्या. ती शांतपणे म्हणाली, "म्हैस खोटा हाय, ते मला पयल्या दिवशीच म्हाईत होता, अन्ना. तू खरा कदी बोललास? पण पाण्याला वास येत होता. मला ते पाणी नको होता. म्हनून म्हैस खरा वाटला." आणि वर म्हणाली, "दोराला माझा पण हात होता."

मग तिनं पदर खोचला आणि विचारलं की मडक्यातली पावडर अजून चालेल का. उघडं पडलेलं मडकं, वीसएक दिवसांचं ऊन, कसली चालते? सिस्टर ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि वर्तमानपत्रात बांधलेली ब्लिचिंग पावडरची एक पुडी आणून नरसव्वाच्या हातावर ठेवली. कुठल्या रजिस्टरात ती पुडी लिहिली गेली नाही.

नरसव्वा निघाली. मी मागून म्हणालो, माझा रंग जाईल, मालक ओरडतील, तर त्यांना सांग की मडकं सोडायला नामाच म्हणाला. रसूलभाई बादली घेऊन चालले होते, ते थांबले. "रंग कायकू जाता?" त्यांना माझा डाळिंबी सांगितला. ते हसले, त्या चार दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, दवाखान्यातली रंगीत चादर पावडरीच्या पाण्यात धुतली तर उतरते, म्हणून ते धुण्याचं पाणी आदल्या दिवशी गच्चीवरच्या उघड्या पिंपात भरून ठेवतात. "दिनभर धूप खाने दो. पावडर की बास उड जाती, पानी सीधा हो जाता. बस इत्ताच."

एवढंच! पिण्याचं पाणी वेगळं, रंगाचं पाणी आदल्या दिवशी हौदात काढून उन्हात ठेवायचं. चित्र छापणारे आले, टोचणारे आले, मडकं सोडणारे आले, सही घेणारे आले. रंगखान्याच्या दारात उभं राहून, बाबा रे, तुझ्या रंगाचं काय होणार, हे विचारायला एकही जण आला नाही. पुण्यामुंबईच्या साहेबांना जे वाक्य सुचलं नाही ते बादल्या उचलणाऱ्या माणसाच्या खिशात पडून होतं. मला इतका संताप आला की माझी बाटली म्हणे टांगल्या जागी उकळायला लागली.

शकूनं सकाळपर्यंत तीन वाट्या पोटात ठेवल्या. उजाडल्यावर डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या खाटेला भोक कशाला हाय?"

पारूनं चमचा खाली ठेवला. तिचं बोट वळलेलं होतं, ते सरळ करायला रसूलभाईंना चोळावं लागलं. मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आता सांगा तिला. खरं सांगा."

मी सांगितलं. शकूला पटलं नाही.

घरी

घरी आल्यावर अंगात इतकंच बळ होतं की माशी बसली तर तिला उठ म्हणावं लागे. मडकं विहिरीत होतं. नरसव्वानं ते दोराला नाही, साखळीला बांधलं होतं, आणि साखळीच्या कुलपाची किल्ली तिच्या कमरेला. रंगखान्यातला मोठा हौद आदल्या दिवशी भरायचा नियमही तिनंच लावला. मालक पहिल्या दिवशी कुरकुरले. डाळिंबी जसाच्या तसा आल्यावर थांबले. मोडनिंबला मी चुलत्यांना पत्र घातलं, खरं खरं. ते पोचलं तेव्हा घरात सगळ्यांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणे पोट धरून हसले. म्हणून बरं वाटल्यावर स्वतः गेलो आणि माझ्या हातानं मडकं सोडून आलो. त्या गड्याच्या घरावरून जावं लागलं. दारात त्याची म्हैस बांधलेली होती. काळी.

जे आता त्या खाटेवर आहेत त्यांना सांगायचं ते हे: मिठा-साखरेचं पाणी पीत राहा, उलटी झाली तरी प्या. आणि घरची विहीर कशी आहे ते निरोपानं नाही, विश्वासाच्या माणसाला पाठवून बघून घ्या. त्यासाठी आधी आपण विश्वासाचा माणूस असावं लागतं, ही त्यातली अडचण.

पुढच्या उन्हाळ्यात तेच इन्स्पेक्टर आले. चप्पल नवी, रजिस्टर तेच. विहिरीच्या काठावर उभं राहून पान उलटलं आणि खुशीनं म्हणाले, "छान. गेल्या साली या विहिरीवर एकही कॉलऱ्याची केस नाही."

मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. मडकं, म्हैस, माझी खाट, मोडनिंबचा गडी, शकू, सिस्टरची पुडी. जसं झालं तसं, हातचं काही न घालता. असं सरळ बोलायला मला घाम फुटत होता. शकू माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती, पारू दारात.

त्यांनी ऐकून घेतलं, रजिस्टर मिटलं आणि हसत म्हणाले, "तुम्ही फार वाढवून सांगता बुवा."

पारू दारातून म्हणाली, "न्हाय साहेब. ह्या खेपंला न्हाय."

नरसव्वानं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि साखळी इन्स्पेक्टरांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. मग रजिस्टर काठावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी मडकं वर ओढायला लागले.